तीन भिंगं, एक चिमटा

नवी पेठेत साडेतीनशे सांगितले,
दोनशे ऐंशीला दिला.
काळी मखमली पिशवी, तीन भिंगं,
आणि कपड्यांच्या चिमट्याचा
चार बुकं शिकलेला भाऊ.

मोबाइलला तो चावतो.
चावा नेमका बसावा लागतो.
केसभर सरकला
की फोटोच्या कोपऱ्यात काळोखाची कोर.
माझ्या मोबाइलला पाठीवर तीन डोळे,
त्यातला खरा कुठला हे शोधण्यातच
पहिला रविवार गेला.
एकेकावर बोट ठेवत बसलो,
कुठला झाकला की अंधार होतो ते बघत.

पहिलं भिंग माशाच्या डोळ्याचं.
गच्चीवर गेलो, मेच्या उन्हात पत्रे कडकडत होते.
अख्खी साखर पेठ वाटीत गोळा झाली:
टाक्या, वायरी, वाळणारे टॉवेल,
बंद गिरणीची चिमणी अशी कमरेत वाकलेली
की मालक परत आलाय.
आणि तळाशी माझेच अंगठे, चपलांसकट.
अंबादास बघून म्हणाला,
"काय बे, गाव फुगलं की तुझं."

दुसरं रुंद.
त्यात भुईकोटाचा तट या बुरुजापासून त्या बुरुजापर्यंत मावला,
कडेचा कुल्फीवाला मात्र
ओल्या रंगावरून बाही फिरावी तसा.
मधे उभं राहणाऱ्यांचीच काच ती.

तिसरं कुठंय म्हणून पिशवी उलटी केली.
ते दुसऱ्याच्याच पोटाखाली,
आटे फिरवले की सुटतं.
डब्यावर हे लिहिलेलं नाही.
हे जवळचं. वस्तूपासून दोन बोटांवर जायचं
आणि श्वास धरायचा.
ताटातली शेंगाचटणी: लाल दगडांची खाण,
मधे तेलाचं तळं, काठावर मिठाचा एक चौकोनी वाडा.
मी जेवायचं विसरलो.

कारखान्यात नेलं.
बोल्ली मास्तरांनी चादरीचा फोटो लांब धरून पाहिला,
मग खिशातून घडीचं पितळी भिंग काढून
त्याच चादरीवर उभं केलं.
एका इंचाची चौकट.
सुईच्या टोकानं धागे मोजले,
मनातल्या मनात, तेलुगूत.
"छप्पन्न. साठ ठरले होते."
आणि हात वर करून माग थांबवला.
"तुझी काच मोठं करते," म्हणाले,
"मोजते का?"

घरी आई. मांडीवर सूप,
सुपात तंबाखू, दोरा, कात्री, भिजवलेली पानं.
"एंदिरा इदी?"
म्हटलं, हात दे.
अंगठा स्क्रीनभर पसरला.
मी रेघा शोधत गेलो.
मधे काहीच नव्हतं,
नदीतला गोटा असतो तसं.
डाव्या कडेला चारपाच रेघा,
त्याही पुढे जाऊन थांबलेल्या.
रेशनच्या दुकानातलं यंत्र दर महिन्याला तिला
'पुन्हा ठेवा' म्हणतं.
ती पदराला पुसते, पुन्हा ठेवते.
आम्ही यंत्राला शिव्या घालायचो.

हात हलला, माझा की तिचा.
फोटो धूसर आला.
पुन्हा काढला नाही.

"आण इकडं," म्हणत
तिनं चिमटा मोबाइलवरून ओढून काढला,
काच डोळ्याला लावली,
आणि फोटो बघायचा सोडून पान बघितलं.
उलटं केलं. उजेडाला धरलं.
शिरेच्या बगलेत सुईच्या टोकाएवढं भोक.
"पुरुगू," ती म्हणाली,
आणि ते पान बाजूला टाकलं.
मग दुसरं उचललं.
मग तिसरं.

पिशवीत आता दोन भिंगं आहेत.
चिमटा तिच्याकडे, पानांच्या गड्डीला लावलेला,
काचेला तंबाखूचा वास.
रुंद भिंग आता कशावरच बसत नाही.
काल हजार बिड्यांत छाट निघाली अकरा.
एरवी चाळीस निघते.